बोटाखालचे पाचशे ग्रॅम

पिस्तुलाचा चाप किती वजनाला सुटावा, याचा नियम एका ओळीत संपतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने १० मीटर एअर पिस्तुलासाठी किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटरच्या प्रकारांसाठी किमान १००० ग्रॅम ठरवून दिले आहेत. त्याहून जड किती असावा यावर बंधन नाही. त्या ओळीपुढचे सगळे नेमबाजाच्या बोटावर सोडलेले आहे. हे वजन बोटाने एका दमात पेलायचे की दोन टप्प्यांत, पहिल्या टप्प्यात किती आणि दुसऱ्यात किती, खटका कसा पडावा, पडल्यावर चाप जागीच थांबावा की थोडा मागे सरकावा, बोटाखालची पट्टी पुढे असावी की मागे, सरळ असावी की किंचित तिरकी, या प्रत्येक प्रश्नाला जितके नेमबाज तितकी उत्तरे मिळतात आणि त्यांतली बरीचशी एकाच वेळी बरोबर असतात. कोल्हापूरची दुधाळी रेंज असो, पुण्याची बालेवाडी असो की मुंबईची वरळी, सराव आटोपून पिस्तुले पेटीत ठेवताना जे बोलणे निघते ते बहुधा यातल्याच एखाद्या प्रश्नावर.

रेंजवर ‘चाप’ हा शब्द क्वचितच कानी पडतो. तिथे सगळे ‘ट्रिगर’च म्हणतात. मराठीत मात्र हा शब्द बंदुकीच्या आधीपासूनचा आहे. मुळात तो धनुष्याचा, आणि एखाद्याला आवर घालणे या अर्थाने ‘चाप लावणे’ आपण आजही रोज म्हणतो. पिस्तुलाच्या बाबतीत ही शेवटची छटा फार नेमकी बसते. जास्त वजनाचा चाप नेमबाजाला गैरसोयीचा असतो हे खरे, पण त्याच्या घाईला पहिला आवर तोच घालतो, आणि शिकवणाऱ्याला त्याची किंमत शिकणाऱ्यापेक्षा कितीतरी आधी कळलेली असते.

स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप साधारणपणे दोन टप्प्यांचा असतो. बोट टेकवून दाब वाढवत नेला की पट्टी दोन-तीन मिलिमीटर मऊपणे मागे येते. हा पहिला टप्पा. इथे बोटाची गाठ फक्त एका स्प्रिंगशी असते. मग अडसर लागतो. खटका अडवून धरणाऱ्या आतल्या तुकड्याची, म्हणजे सिअरची, कड एका खाचेत अडकलेली असते आणि ती सुटायला थोडा जादा दाब लागतो. हा दुसरा टप्पा. तो दाब पुरा झाला की सिअर निसटतो, खटका पडतो आणि छर्रा निघून जातो. नियमातले ५०० ग्रॅम हे दोन्ही टप्प्यांचे मिळून असतात. पहिल्या टप्प्यात ४०० ग्रॅम खर्ची पडले तर अडसरापुढे १०० उरतात. ३०० खर्ची पडले तर २००. बेरीज तीच, पण ही दोन पिस्तुले हातात घेतली तर ती एकाच बनावटीची आहेत यावर विश्वास बसत नाही. वजनाच्या आवडीनिवडीबद्दल जे काही बोलले जाते ते खरे तर या वाटणीबद्दल असते.

पहिला टप्पा जड आणि दुसरा हलका ही वाटणी जास्त लोकप्रिय आहे. पिस्तूल वरून खाली येत काळ्या गोलाखालच्या पांढऱ्या पट्ट्यात स्थिरावत असते, तेवढ्या वेळात बोटाने आपले बहुतेक काम उरकून ठेवावे आणि शेवटच्या क्षणी अगदी थोडे उरावे, असा त्यामागचा हिशेब. हात चांगला ठरणाऱ्या, नेम धरून सहा-सात सेकंद शांत राहू शकणाऱ्या नेमबाजाला ही वाटणी मानवते. त्याला अडसर स्पष्ट हवा असतो. बोट तिथे टेकले की त्याला आपण नेमके कुठे आहोत हे कळते आणि खटका भाजका शेंगदाणा चिमटीत फुटावा तसा, एका क्षणात, कसलीही पूर्वसूचना न देता पडतो.

ज्याचा हात तीन-चार सेकंदच ठरतो त्याची तऱ्हा वेगळी. अडसराशी थांबले की त्याचे बोट तिथेच गोठते. नेम चांगला दिसत असतो, मन ‘सोड’ म्हणत असते आणि बोट हलत नाही. मग पिस्तूल खाली घ्यावे लागते, किंवा त्याहून वाईट म्हणजे बोट हिसक्याने पडते. अशा नेमबाजाला सरकता चाप बरा वाटतो. त्यात दुसऱ्या टप्प्यातही पट्टी अगदी थोडी मागे येत राहते, अडसर असा जाणवत नाही, पिकल्या केळ्याची साल निघावी तसा खटका चालता चालता पडतो. हे शिकायला वेळ लागतो आणि पहिले काही दिवस सगळेच गचाळ वाटते, पण एकदा अंगी बाणले की गोठणारे बोट सुटे होते. या दोन पद्धतींत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. हात किती वेळ ठरतो हे आधी पाहावे. चाप त्यावरून ठरतो.

एवढ्या बारीक फरकांना इतके महत्त्व का, हे एका हिशेबाने कळते. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यातला दहाचा गोल ११.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पिस्तुलाच्या मागच्या साइटपासून पुढच्या माशीपर्यंतचे अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर. बोट दाबताना माशी मागच्या खाचेच्या तुलनेत पाव मिलिमीटर जरी बाजूला सरकली तरी १० मीटरवर छर्रा साडेसात मिलिमीटर सरकतो. पाव मिलिमीटर म्हणजे जाडसर कागदाची जाडी. उलट, नेम न बिघडता सगळे पिस्तूलच हातासह एक-दोन मिलिमीटर हलले तर छर्राही तेवढाच हलतो, आणि दहा दहाच राहतो. म्हणून हात हलण्याची भीती बाळगण्याचे कारण नसते. भीती बाळगावी ती बोटाने साइट मोडण्याची. नव्या मुलांना हे आकड्यांत समजावले की पटते. बोटाला पटायला मात्र पुढचे सहा महिने जातात.

त्यात भर अशी की, चापाचे वजन आणि पिस्तुलाचे वजन यांचे प्रमाण फार जवळचे आहे. एअर पिस्तूल किलोभराच्या आसपास असते आणि चाप अर्ध्या किलोचा. २५ मीटरच्या पिस्तुलाला नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत मुभा असली तरी बरीचशी पिस्तुले ११००-१२०० ग्रॅमची असतात, आणि त्यांचा चाप किमान १००० ग्रॅमचा. म्हणजे जे पिस्तूल लांब हातावर निश्चल धरायचे आहे, त्याच्या वजनाच्या निम्मा किंवा जवळजवळ तेवढाच जोर त्याच हाताच्या एका बोटाने त्यावर द्यायचा. तो जोर नळीच्या रेषेत सरळ मागे आला तर ठीक. पेराचा मधला भाग पट्टीवर न टेकता बोट जास्त आत गेले किंवा टोकावर राहिले, की जोर तिरका जातो. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे मग घड्याळातल्या सात-आठच्या आकड्यांकडे, डावीकडे खाली गोळा होऊ लागतात. असा कागद दिसला की अनुभवी प्रशिक्षक साइटच्या स्क्रूला हात लावू देत नाही. तो मुलाच्या मागे उभा राहून त्याची करंगळी पाहतो. चाप दाबताना करंगळी आवळली जात असेल, तर दाबत आहे ते बोट नसून अख्खी मूठ आहे.

हलक्या चापाची ओढ सगळ्यांनाच असते, आणि ती सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त असते. क्लबच्या पिस्तुलावर शिकून झाल्यावर घरचे कर्ज काढून, कधी सोने मोडून, मुलाला स्वतःचे पिस्तूल घेऊन देतात. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर यांतले काहीतरी येते. त्या पेटीतली बारीक षट्कोनी चावी हाती आली की पहिला आठवडा चाप फिरवण्यात जातो. दुसरा टप्पा इतका हलका केला जातो की बोट टेकवायची धास्ती वाटावी. एक-दोन दिवस गुण वाढतातही. मग स्पर्धेत नाडी वाढते, बोटाची संवेदना कमी होते आणि नेम लागण्याआधीच छर्रा सुटतो. अशा एका सुटलेल्या छर्ऱ्याने साठ छर्ऱ्यांच्या डावाचे गुण जेवढे जातात त्यापेक्षा जास्त नुकसान पुढच्या दहा छर्ऱ्यांत होते, कारण आता बोट चापाला घाबरलेले असते.

यावरचा उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. चाप ५०० वरून ६५०-७०० ग्रॅमवर नेऊन महिनाभर तसाच ठेवायचा. लक्ष्याचा कागद काढून घ्यायचा आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून, छर्रा न भरता, नुसती माशी आणि मागची खाच पाहत रोज शंभर-दीडशे वेळा चाप सोडायचा. खटका पडताना माशी खाचेत जशीच्या तशी राहिली पाहिजे. काळा गोल समोर नसल्याने ‘आता दहा दिसतोय, सोड’ ही घाई उरत नाही. डोळ्याने चांगले चित्र पाहून बोटाला हुकूम द्यायचा म्हटले तर मधल्या सेकंदाच्या पाचव्या भागात हात दुसरीकडे गेलेला असतो; भिंतीसमोर हा हुकूमच बंद होतो. महिन्याने चाप पुन्हा ५०० वर आणला की तो विलक्षण हलका वाटतो, आणि आता तो हलकेपणा पेलण्याजोगे बोट तयार झालेले असते. ज्यांनी हे केले त्यांच्यातल्या पुष्कळांनी नंतर पिस्तूल ५०० ऐवजी ५३० किंवा ५५० वरच ठेवले आहे. त्यांची खरी आवड हीच; ती त्यांना आधी ठाऊक नव्हती इतकेच.

५०० वर चाप ठेवणे आणि नेमका ५०० वर ठेवणे यांतही अंतर आहे, आणि ते साहित्य तपासणीच्या टेबलावर कळते. स्पर्धेच्या आधी प्रत्येक पिस्तूल तिथून जाते. लांबी-रुंदीसाठी ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरची पेटी असते, तिच्यात ते मावावे लागते. मग वजन, मग चाप. टेबलावर ५०० ग्रॅमचे वजन उभे असते, त्याच्या वर दांडी आणि दांडीला धातूची धारदार आडवी कड. पिस्तूल कॉक करून, म्हणजे खटका चढवून, हवेचा सिलिंडर भरलेला ठेवून, नळी आकाशाकडे करून धरायची, चापाच्या पट्टीचा मधला भाग त्या कडेखाली आणायचा आणि वजन टेबलावरून अलगद उचलायचे. वजन तरंगत राहिले आणि खटका पडला नाही, तर पास. प्रयत्न तीन.

टेबलासमोर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी आहे असे समजावे. पहिल्यांदा ती घाईने उचलते. वजन हलते आणि ‘टक्’ आवाज होतो. झटक्याने उचललेले ५०० ग्रॅम चापाला क्षणभर जास्त भरतात, हे तिला आठवते. दुसऱ्यांदा ती सावकाश उचलते, पण कड पट्टीच्या खालच्या टोकाकडे सरकलेली असते. टोकाला तरफेचा लाभ मिळतो, मधल्या भागापेक्षा कमी वजनाला चाप सुटतो, पुन्हा ‘टक्’. तिच्या मागची रांग गप्प होते. तिसऱ्यांदा तिचा हात थरथरतो आणि वजन सुटते. मग ती बाजूच्या खुर्चीवर बसते, चावीने स्क्रू पाव फेरा आत घेते आणि पुन्हा रांगेत लागते. पाव फेऱ्याने पिस्तूल पास होते, पण आता ज्या चापाने तिला साठ छर्रे मारायचे आहेत तो तिच्या ओळखीचा राहिलेला नसतो. म्हणून जाणती माणसे घरीच २०-३० ग्रॅमची भर ठेवून येतात. प्रवासात धूळ बसते आणि सिअरची कड झिजत जाते. या सगळ्याला ती भर पुरते. सामन्यानंतरही निवडक पिस्तुलांची पुन्हा तपासणी होते आणि तिथे वजन सुटले तर नेमबाज बाद ठरतो. एका राज्य स्पर्धेत, आदल्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत चाप ‘थोडासा’ हलका केलेल्या एका मुलाचे आयुष्यातले सर्वोत्तम गुण अशाच तपासणीत पुसले गेले. त्याचा प्रशिक्षक त्या वेळी शेजारच्या खोलीत झोपलेला होता. त्यानंतर त्या गटात स्पर्धेच्या प्रवासात चावी प्रशिक्षकाकडे ठेवण्याची पद्धत पडली.

२५ मीटर पिस्तुलाला हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, आणि तिथे तो सर्वांत अवघड आहे. महिलांच्या स्पर्धेत पहिल्या ३० फैरी संथ असतात: पाच फैरींना पाच मिनिटे. नंतरच्या ३० जलद: हात ४५ अंशांत खाली, लक्ष्य ३ सेकंद समोर, मग ७ सेकंद गायब, आणि त्या ३ सेकंदांत हात वर आणून एकच फैर. दोन्हींना पिस्तूल एकच आणि चाप एकच. संथ भागात मनाजोगता वाटणारा स्पष्ट अडसर जलद भागात पायात येतो. हात वर येत असताना पहिला टप्पा संपवून ठेवला नाही तर ३ सेकंद संपतात. संपवून ठेवला आणि दुसरा टप्पा फार हलका असला तर हात वर पोचण्याआधी गोळी जाते. त्यामुळे १००० ग्रॅमची वाटणी इथे जास्त विचाराने करावी लागते. जलद भागात चांगल्या असणाऱ्या नेमबाजांचा कल पहिला टप्पा भरभक्कम, सात-आठशे ग्रॅमचा ठेवण्याकडे असतो. हात उचलताना बोट निर्धास्तपणे त्यावर जोर टाकू शकते. मग उरलेला दाब सरकता ठेवतात, म्हणजे हात थांबतो तेव्हा बोट थांबत नाही. संथ भागासाठी ही रचना सोयीची नसते, पण संथ भागात वेळ असतो आणि वेळ असला की बोट गैरसोय सांभाळून घेते. मधल्या विश्रांतीत स्क्रू फिरवणारे नेमबाज पाहायला मिळतात. त्यांचे क्वचितच भले होते.

या प्रकाराशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. पिस्तुलात विश्वचषकाचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बंगला अंतिम फेरी बरोबरीत सुटली आणि दोन शूटऑफनंतर सुवर्ण तिच्याकडे आले. पुण्याच्या अनीसा सय्यदने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि राहीसोबत जोडीचेही. शूटऑफमध्ये हात, डोळा, श्वास यांची अवस्था सरावातल्यासारखी नसतेच. तिथे बोटाला विचार करायला लावणारा चाप घातक ठरतो, हे पाहणाऱ्यालाही जाणवते. मनू भाकरने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटरला वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगसोबत मिश्र कांस्य घेतले आणि आठवड्याच्या आत २५ मीटरला चौथे स्थान मिळवले. एकच बोट ५०० ग्रॅमवरून १००० ग्रॅमवर इतक्या थोड्या दिवसांत जाते तेव्हा दोन्ही पिस्तुलांच्या चापांची जातकुळी एक ठेवण्याला महत्त्व येते. वजन दुप्पट झाले तरी अडसराची जाणीव सारखी असेल तर बोट नव्याने शिकत बसत नाही. दोन्ही प्रकार खेळणाऱ्या मुलांना हा सल्ला आवर्जून द्यावा असा आहे.

किमान वजनाचे बंधन सगळीकडे नव्हते. ५० मीटर फ्री पिस्तुलाच्या चापाला नियमच नव्हता. तिथे शंभर ग्रॅमच्याही खाली सुटणारे चाप सर्रास वापरले जात. ज्यांनी ती पिस्तुले हाताळली ते सांगतात की बोट चापाला लावायचे नसते, जवळ न्यायचे असते. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओहने या प्रकारात २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णे घेतली आणि २०१६ नंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला. २५ मीटर रॅपिड फायरमध्येही २००४ पर्यंत पिस्तूल आणि चाप बरेच मोकळे होते. २००५ पासून तिथे १००० ग्रॅम आले. त्या वेळी मुरलेल्या नेमबाजांना पाच लक्ष्यांवर ४ सेकंदांत पाच फैरी झाडायची आपली लय नव्याने बसवावी लागली. वर्षानुवर्षे कमावलेली आवड नियमाच्या एका बदलाने निकामी होऊ शकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

पोलीस आणि सैन्यातून खेळाकडे आलेल्यांचे बोट वेगळ्या शाळेत शिकलेले असते. जुन्या डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप साडेचार-पाच किलोंचा, लांब ओढीचा. घोडा आधी चढवून ठेवला तर दीड-दोन किलोंचा. ईशापूरला बनणारे ९ मिलिमीटरचे सर्व्हिस पिस्तूल ब्राउनिंगच्या रचनेचे. त्यात मॅगझिन काढले की चाप निकामी करणारी एक जोडणी आहे, तिच्यामुळे चापाला कायम किंचित खरखर असते. ग्लॉकचा चाप अडीच किलोंच्या आसपास, पण पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत अगदी एकसारखा. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी मात्र ग्लॉक घेताना मुद्दाम १२ पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोंच्या जवळचा चाप बसवून घेतला होता. इथे जड चापामागे नेमबाजी नाही, सुरक्षितता आहे: ताणाखाली, अंधारात, माणसासमोर उभ्या असलेल्या शिपायाचे बोट नकळत आवळले तरी गोळी जाऊ नये. खेळातला हलका चाप आणि कामाच्या हत्यारातला जड चाप यांची तुलना करून एकाला ‘चांगला’ म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. शर्यतीच्या सायकलीचे ब्रेक मालवाहू ट्रकला कोणी लावत नाही.

तरीही एक गोष्ट लक्षात येते. जड सर्व्हिस चापावर वर्षे काढलेला हवालदार एअर पिस्तुलाकडे वळतो तेव्हा पहिले दोन आठवडे त्याचे छर्रे वाटेल तिथे जातात, कारण ५०० ग्रॅम त्याला जाणवतच नाहीत. पण एकदा ते जाणवू लागले की त्याची प्रगती शाळकरी मुलांपेक्षा भराभर होते. लांब, जड चाप शेवटपर्यंत एकाच वेगाने ओढत नेण्याची सवय त्याच्या बोटात असते आणि हिसका द्यायचा नाही हे त्याला पाच किलोंनी शिकवलेले असते. गोळीच्या धक्क्याची भीती मात्र तो सोबत घेऊन येतो. ती घालवायला २५ मीटरवर मॅगझिनमध्ये त्याच्या नकळत एखादे डमी काडतूस भरून द्यावे. खटका पडतो, आवाज होत नाही, आणि पिस्तुलाची नळी आपोआप खाली बुडालेली त्याला स्वतःला दिसते. त्यानंतर समजावून सांगायला फारसे काही उरत नाही.

इलेक्ट्रॉनिक चापाने आवडीनिवडीत एक नवा भाग पाडला आहे. मोरिनीच्या सीएम १६२ ईआय सारख्या पिस्तुलात सिअर नसतो; पट्टी एक संपर्क जुळवते आणि बाकीचे काम विजेचे. झिजणारी कड नाही, त्यामुळे आज, उद्या आणि वर्षाने खटका तोच. पुन्हा पुन्हा कॉक न करता कोरडा सराव करता येतो, ही मोठी सोय. काहींना मात्र तो खटका निर्जीव वाटतो. धातूवरून धातू निसटल्याची जी बारीक खबर बोटाला मिळते ती इथे मिळत नाही. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. बोटाला मिळणारी ती खबर, छर्रा कुठे गेला असेल हे लक्ष्याकडे न पाहता सांगता येण्यासाठी नेमबाजाला हवी असते. आणि यंत्र म्हटले की बिघाड आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी सुरू असतानाच मनू भाकरचे पिस्तूल बंद पडले आणि दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटे गेली. चाप कोणताही असो, त्याच मापाला लावलेले दुसरे पिस्तूल पेटीत असणे ही चैन राहिलेली नाही.

हवेचा परिणाम पुस्तकांत फारसा येत नाही, पण वरळीला जुलैत आणि दिल्लीच्या तुघलकाबादला डिसेंबरात नेम धरलेल्याला तो चांगला माहीत असतो. पावसाळ्यात अक्रोडाच्या लाकडाची मूठ फुगते, तळवा घामाने सरकतो आणि बोट पट्टीवर रोजच्या जागी पडत नाही. चाप बदलल्यासारखा वाटतो, बदललेली असते ती पकड. थंडीत बोट बधिर होते आणि तोच चाप आधी जड वाटतो, मग एकदम सुटतो. अशा सकाळी चापाचे वजन बदलण्याऐवजी हात खिशात, किंवा गरम पाण्याच्या बाटलीवर ठेवणे शहाणपणाचे. लहान हातांच्या मुलींना पट्टी मागे घेऊन द्यावी लागते, लांब बोटांच्या मुलांना पुढे; हे माप न घेता वजनाशी खेळत बसलेली मुले वर्ष-वर्ष वाया घालवतात. चाळिशीनंतर बोटाच्या टोकाची जाणीव थोडी बोथट होते, आणि पूर्वी १०० ग्रॅमचा दुसरा टप्पा पसंत करणारे नेमबाज आपसूक १५०-१८० कडे सरकतात.

माप एकदा बसले की ते सांभाळण्याची पद्धत साधी आहे. हंगामाच्या सुरुवातीला, स्पर्धेला निदान सहा आठवडे असताना चाप ठरवायचा. एका वेळी एकच स्क्रू, तोही पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक बदलानंतर दोनशे छर्ऱ्यांशिवाय मत बनवायचे नाही. वहीत तारीख, एकूण वजन, पहिल्या टप्प्याचे वजन, पट्टीची जागा आणि त्या दिवसाचे गुण लिहायचे. अशा जुन्या वह्या चाळल्या तर दिसते की ज्या पानांवर चापाच्या नोंदी दाट आहेत त्या महिन्यांचे गुण खाली आहेत, आणि जिथे तीन-चार महिने ‘तोच’ एवढेच लिहिले आहे तिथे ते चढत गेले आहेत. गुण पडू लागले की चाप बदलावासा वाटतो. त्या वेळी आधी पकड पाहावी, मग उभे राहण्याची ठेवण, मग झोप आणि जेवण. चापाकडे सर्वांत शेवटी यावे.

ठरलेले माप हलू नये म्हणून शेवटी एक बारीक काम उरते. लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन काडीच्या टोकाने स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी एक रेघ ओढायची आणि पाच मिनिटे वाळू द्यायची. पेटी उघडल्यावर आधी ती रेघ पाहायची. ती अखंड असली तर वजन तपासायला हरकत नाही. मध्येच तुटलेली दिसली तर स्क्रू फिरलेला असतो, आणि त्या दिवशीचा पहिला तास छर्रा न भरता, भिंतीसमोर जातो.